जटायूचा पंख

बाबा, तुम्ही हयात असताना तुमच्याशी वाद घालायची माझी छाती झाली नाही, म्हणून आता घालते आहे.

नव्वदनंतरचे ते रविवार. आठवडाभर तुम्ही ओझरच्या कारखान्यात विमानांना रंग मारायचात आणि रविवारी मला तैलरंग शिकवायचात. समोर नमुना एकच, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर टांगलेली, एका जुन्या नामवंत चित्रकाराच्या चित्राची छापील तसबीर. रावण सीतेला घेऊन निघालाय आणि जटायूचा पंख तुटून खाली पडतोय. सीता आपल्या पंचवटीतूनच नेलेली, म्हणून तुम्हाला त्या चित्राचा जास्तच जिव्हाळा. कॅनव्हासवर पेन्सिलीने चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनात दिसेल तेवढंच उतरवायचं. पुढच्या चौकोनात डोकावलं की डोक्यात टपली. स्वयंपाकघरात फोडणीपेक्षा टर्पेंटाइनचा वास जास्त येतो म्हणून आई कुरकुरायची.

एका रविवारी पंखाचा चौकोन येतो. मी थांबते. "बाबा, पंख तुटलाय आणि रक्त कसं नाही?" तुम्ही चष्मा वर करून तसबिरीपाशी जाता. तिथे नुसता निळसर राखाडी डाग. "दिसतंय का तुला? नाही ना? मग नाही." तुम्ही चहाकडे वळता तेव्हा मी लाल रंग घेते आणि पंखाच्या मुळाशी लावते. स्वतःच्या मनाने लावलेला माझा तो पहिला रंग. आई पोळी लाटता लाटता म्हणते, "अहो, जिवंत वाटतोय की पक्षी आता." तुम्ही टर्पेंटाइनचा बोळा घेऊन सगळं पुसून टाकता. "ड्रॉइंगमध्ये नाही ते करायचं नाही. आमच्याकडे असा जॉब परत येतो." मग हात धुऊन चहा पिता. माझा चहा तसाच निवतो.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालानंतर कधीतरी, परगावच्या संग्रहालयात मूळ चित्र अचानक समोर आलं. पंखाच्या मुळाशी रक्त होतं. भरपूर, लालभडक. छापील चित्रातला लाल रंग उन्हाने आधी उडतो, हे मला तोवर ठाऊक झालं होतं, आणि आपली तसबीर तर वर्षानुवर्षं उन्हात होती. आपण बापलेक उडालेल्या रंगाची इमानेइतबारे नक्कल करत बसलो होतो! खरं तर हसू यायला हवं होतं. नवरा विचारत होता, अगं काय झालं, आणि मला रडू आवरेना. मी बरोबर होते याचा आनंद वगैरे काही झाला नाही. तुम्ही हे चित्र बघायला जायचं म्हणत म्हणतच गेलात, तेच आठवत राहिलं.

आता लोक माझ्याकडून जुन्या चित्रांच्या नकला करून घेतात. ओळखीचे म्हणतात, हात अगदी वडलांचा. असेल. पण स्वतःचं चित्र काढायला बसले की ब्रश रंगात बुडवून मी थांबते आणि मागे वळून बघते. पन्नाशीला आलेली बाई, गेलेल्या बापाची परवानगी मागते! फार राग येतो तुमचा, बाबा, आणि तो काढायला तुम्ही नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर जायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. तुम्हाला घरातून नेलं त्या दिवशी, एवढी रडत असतानाही, क्षणभर मनात आलं होतं की आता माझं कुणी पुसणार नाही. आता मीच पुसते.