तुझ्या खोलीतलं कारपेट

माय, काल तुझ्या खोलीतलं कारपेट काढलं. बारा वर्षं फरशीला चिकटून होतं, खरवडता खरवडता नाकीनऊ आले. तू न पाहिलेली तुझी धाकटी नात त्या खोलीत झोपायला लागल्यापासून खोकते. डॉक्टरीणबाईंनी आधी खोलीत काय काय आहे तेच विचारलं. म्हणाल्या, जुन्या कारपेटमध्ये धूळ साचते, आणि नवं असताना त्याचा नि खालच्या गोंदाचा वास बंद खोलीत कितीतरी दिवस राहतो, दम्याच्या माणसाला तो सोसत नाही. मी मान हलवत होतो आणि मला तूच दिसत होतीस.

टेंभुर्णीहून तुला जालन्याला आणलं ते मोठ्या हौसेनं. थंड फरशीनं तुझे गुडघे धरायचे, म्हणून तू यायच्या आदल्या दिवशी खोलीभर कारपेट बसवून घेतलं. तू दारातच थबकलीस. "आरं, कसला वास येऊन राह्यला?" मी म्हणालो, "नव्याचा आहे, माय." गावाकडे तू दर आठवड्याला गोधड्या, सतरंज्या अंगणात उन्हात टाकायचीस; ज्यावर माणूस झोपतो त्याला ऊन लागलंच पाहिजे, हा तुझा हट्ट. पाचव्या दिवशी मी ऑफिसातून येतो तर तू विळ्यानं कारपेटचा कोपरा उचकटत बसलेली, धापा टाकत. "ह्याला जरा उन्हात टाकू दे. छाती भरून येऊन राह्यली." मी विळा हिसकावला. "जन्म गेला शेणानं सारवण्यात, तुला चांगल्या घरात राहताच येत नाही," असं बोललो मी. तू दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरलीस. "येते मंग. तिकडं श्वास तरी बराबर घेता येतो."

पुन्हा आली नाहीस. तिसऱ्या वर्षी गावातच गेलीस. दमा तुला आधीपासूनच होता, कारपेटनं तुला मारलं असं मी म्हणत नाही. पण तुझी शेवटची वर्षं माझ्याजवळ गेली असती, ती माझ्यामुळे गेली नाहीत. लोकांना सांगत आलो, म्हातारीचं सुनेशी पटलं नाही. तुझ्या सुनेनं तेही मुकाट ऐकून घेतलं.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. कारपेट बसवणारा मिस्त्री जाताना म्हणाला होता, "पंधरा दिवस खिडक्या उघड्या ठेवा, तवर इथं कुणाला झोपवू नका." बाहेर रस्त्याचं काम चालू होतं. नव्या कारपेटवर धूळ बसेल म्हणून खिडक्या मीच लावून घेतल्या. तू धापा टाकत होतीस ना, तेव्हा मला त्याचं बोलणं आठवलं होतं, माय.