गठ्ठ्याच्या वरचे दोन नग

बाई, शनिवारी मी शेठजींना जो कागद दिला तो चुकीचा आहे. उद्या सोमवारी त्यावरून पालेगावच्या अठरा बायकांचं काम बंद होणार आहे, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि हे पत्र कुठे जाणार नाही, हे मला कळतं. पण चूक तुम्ही शिकवलेल्या विषयातली, संख्याशास्त्रातली आहे. ती समजेल असं दुसरं कोणी मला माहीत नाही.

मी कॅम्प तीन या वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात बावीस वर्षं चेकिंग बघते. तयार माल माझ्या टेबलावर येतो, त्यातले थोडे नग मी काढते. शिलाई, खिसे, लूप, चेन बघून मी पास किंवा परत लिहिते. आमचे कारागीर पुरुष, बहुतेक उत्तरेकडचे, जुने. पाच महिन्यांपूर्वी शेठजींनी पालेगावला गाळा घेऊन बायकांची शिलाई सुरू केली. आता दोन्हीकडे पुरेल इतकं काम नाही, म्हणून एक जागा बंद करायची ठरली. शेठजी मला म्हणाले, "मॅडम, मेरे को किसी की बात नहीं सुननी. आप पढ़ी-लिखी हो, नंबर दो. जिधर खराबी ज़्यादा, उधर ताला." मला बरं वाटलं. माझ्या शिक्षणाचं नाव इतक्या वर्षांत कोणी काढलं नव्हतं. सहा आठवडे मी प्रत्येक खेपेतले दहा नग तपासले, तक्ता केला, सरासरी काढली, दोन रंगांत आलेख काढला. पालेगावचे दोष कॅम्पच्या दुपटीहून जास्त निघाले. शनिवारी सकाळी कागद दिला. शेठजींनी तो उभ्यानेच वाचला आणि "साफ है" म्हणाले.

त्याच दुपारी मी कारागिरांच्या बाजूला गेले होते. सर्वांत जुना कारागीर बारा नगांचा गठ्ठा चिंधीने बांधत होता. दहा रचलेले, दोन मांडीवर ठेवलेले. मी विचारलं, हे का बाजूला? तो हसला. "ये ऊपर के लिए हैं मॅडम. आपका हाथ ऊपर ही पड़ता है ना. हम लोग तो इसको मॅडम पीस बोलते हैं." पलीकडचा मशीनवरून म्हणाला, "नया कोई आता है तो पहले दिन यही सिखाते हैं, चाचा." सगळे हसले. लबाडीचं हसणं नव्हतं ते. देवापुढे चांगलं फळ वर ठेवावं तसं ते बावीस वर्षं माझ्यासाठी चांगले दोन नग वर ठेवत होते, आणि मला ते ठाऊक आहे असंच धरून चालले होते. मी दर गठ्ठ्यातून वरचे दोन घेत होते. पाच गठ्ठे, दहा नग. पालेगावचा माल टेम्पोतून पोत्यात येतो आणि माझ्या टेबलावर ढीग ओतला जातो. तिथे वर-खाली काही राहत नाही. हाताला येईल तो नग मी घेते. म्हणजे एकीकडचे निवडलेले आणि एकीकडचे कसेही आलेले, असे नग मी शेजारी मांडले आणि त्याला तुलना म्हटलं.

मी तिथेच शेठजींना फोन लावला. ते लग्नाला निघाले होते. "सोमवार को, मॅडम. कागज़ अच्छा है, टेन्शन मत लो." पुढचं ऐकायच्या आत फोन ठेवला.  घरी येऊन मी कुलूप लावलं का ते तीनदा बघितलं. पोळ्या करताना दोन करपवल्या.

तुमचं अंबरनाथ पूर्वेचं स्वयंपाकघर आठवलं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तोंडी परीक्षेची तयारी करायला तुम्ही मला रविवारी घरी बोलावता. ओट्यावर पातेल्यात भात शिजतो आहे, तुम्ही कोथिंबीर निवडत प्रश्न टाकता आहात. नमुना निवड म्हणजे काय, असं विचारल्यावर मी ऐटीत म्हणते, शितावरून भाताची परीक्षा. तुम्ही कोथिंबीर खाली ठेवता. "झाकण काढ. शीत काढून दाखव." मी वरचं शीत काढते, चिमटीत दाबते, शिजलंय म्हणते. तुम्ही पळी माझ्या हातात देता. "आता तळाला घाल." तळाचा भात लागलेला असतो. "म्हण सोपी आहे. पातेलं कुणी ढवळलंय ते आधी विचार. परीक्षेत ही म्हण सांगितलीस तर मी तुला ओळखत नाही म्हणेन." मला राग आला होता. तो लागलेला भात तुम्ही मलाच वाढलात आणि वर "मीठ बरोबर आहे का?" असंही विचारलंत.

त्याच वर्षीच्या पाहणीचा दिवस तर मी कुणाला सांगितलेला नाही. कॅम्पातली साठ घरं चिठ्ठ्या टाकून काढली होती, घरात कपडे धुण्याची पावडर कोणती हे विचारायचं होतं. नऊ घरांना कुलूप होतं. त्या घरांचे नऊ फॉर्म मी शेजारणींना विचारून भरले. तुम्ही ते हातात घेतलेत, एका फॉर्मवर बोट ठेवलंत. "या बाईला तू भेटलीस?" मी खाली बघितलं. "कुलूप लावून जाणाऱ्या बायका नोकरीवर जातात. त्यांची पावडर घरी बसणाऱ्या शेजारणीला विचारलीस. मग साठ घरांत कोण राहिलं?" तुम्ही ओरडला नाहीत. छत्री घेतलीत आणि संध्याकाळी माझ्याबरोबर नऊही दारं फिरलात. परत येताना तुमच्या चपलेचा अंगठा तुटला होता. निकालाच्या दिवशी तुम्ही मला यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या अंकांच्या कोष्टकाचं पान दिलंत, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. म्हणालात, "हाताला सवयी असतात. याला नाहीत."

शनिवारी संध्याकाळी पालेगावच्या बायकांमधली जी पुढारी आहे तिचा फोन आला. गावातलीच, शेती विकली गेल्यावर शिलाई शिकलेली. "मॅडम, शेठनी सोमवारी सगल्यांना कॅम्पात बोलवलंय. कायमचं करतात वाटतं आमाला. तुमी कागद लिवलाय म्हनं. येताना पेढे आनू ना? शेठ पेढे खातात का?" मी म्हटलं, काही आणू नका. ती हसली. "तुमी लय कडक बाय. आनते मी."

आज रविवार. कारखान्याची एक चावी माझ्याकडे असते. सकाळीच जाऊन शिल्लक मालाला क्रमांक घातले, दोन्हीकडचे. तुमचं कोष्टक काढलं. पुठ्ठा अजून धड आहे. जो आकडा येईल तो नग, मग तो गठ्ठ्याच्या तळाशी का असेना. गाठी सोडून सोडून नखं दुखली. लेबलांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे कुणाचा माल ते कळू नये. पण कळतंच. बावीस वर्षांनी मला टाक्यावरून हात ओळखू येतो. कॅम्पचे दोष वाढले, ते मला अपेक्षित होतं. पालेगावचे थोडे कमी निघाले, कारण आताचा माल पाचव्या महिन्यातला आहे. शनिवारच्या तक्त्यात सहा आठवड्यांपूर्वीचा मालही होता, तेव्हा त्यांचा हात अजून बसला नव्हता. दोन्हींत अजून थोडा फरक आहे. पण एवढ्या नगांवर तो खरा की योगायोगाचा, हे मला सांगता येत नाही. मी चार वेळा आकडेमोड केली. पालेगाव चांगलं आहे असं लिहायचा मोह मला झाला. तेही खोटं ठरेल. शेवटी लिहिलं: या तपासणीवरून कोणतीही जागा बंद करू नये. हे वाक्य लिहायला मला तासभर लागला. उद्या ते शेठजींसमोर वाचायचं आहे, आणि मी इतक्या वर्षांत तिथे कधी चुकले म्हटलेलं नाही.

पुढचं सोमवारी लिहिते आहे. शेठजी म्हणाले, "शनिवार को बोला खराब, आज बोलते हो पता नहीं. नंबर है कि मौसम है?" मी म्हटलं, "शनिवारी माझी पद्धत चुकली. वरचेच नग बघितले." ते म्हणाले, "पंधरा साल पहले मेरे भाई ने बोला था, मॅडम का टेबल मत छेड़ो, वो गलती नहीं करती."  "करते," मी म्हटलं. "चार आठवडे द्या. नग कोष्टकाने काढायचे आणि तपासणी मी करायची नाही. मला हात ओळखू येतात." बाहेर बायका जिन्यावर बसल्या होत्या, पेढ्यांचा पुडा मधल्या पायरीवर. शेठजींनी दारातून डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "इनको क्या बोलूं अभी?" मी म्हटलं, "खरं सांगा. अजून ठरलं नाही." "आप बोलो." मी जाऊन सांगितलं. पुढारी बाई पायरीवरून उठली. मग म्हणाली, "म्हंजे बंद करनार होते?" मी हो म्हटलं. कुणाच्या कागदावरून, तेही सांगितलं. तिने पुडा उचलून पिशवीत टाकला आणि बायकांना घेऊन रिक्षाकडे गेली.

आज सकाळी अकराच्या सुमारास शेठजींच्या हातात दिलं ते असं. शनिवारचा अहवाल, आडवी रेघ मारून, खाली माझी सही. रविवारच्या तपासणीचे तीन कागद. कोणते नग उचलले त्यांच्या क्रमांकांची यादी. चेकिंगच्या टेबलाच्या खणाची चावी, चार आठवड्यांपुरती. आणि पालेगावची एक पँट, जिच्या डाव्या खिशाच्या कोपऱ्यातला टाका सुटलेला आहे आणि जी मी रविवारी पास लिहिली होती. ती वेगळी का देता, असं त्यांनी विचारलं. नजरचूक झाली, असं मी म्हटलं. बाई, टाका मला रविवारीच दिसला होता.