मंत्रीसाहेबांनी दिलेल्या दहा दिवसांच्या सुट्टीचा खुलासा

मु. कोसमटोला, पोलीस मदत केंद्र
मंगळवार

आदरणीय गुणवंतभाऊ यांसी,

लटारूचा आरमोरीच्या दिशेनं तोंड करून नमस्कार (दिशा बरोबर आहे, माझ्या पहाऱ्याच्या बुरुजाचं तोंडच तिकडं आहे). तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? रुखमाबाई आईचा खोकला थांबला का? धानाची मळणी आटोपली असेल. इकडे मी बरा आहो, म्हणजे ताप नाई अन दोन्ही पाय जाग्यावर आहेत. त्याच्यापुढं विचारू नका, सांगूनच राह्यलो.

भाऊ, तुमची बहीण माझा फोन उचलत नाई, म्हणून हे पत्र रेशनची गाडी चालवणाऱ्या सुनिलजवळ देऊन राह्यलो. तुमच्या शब्दाले घरात मान आहे. आधी तुम्ही पूर्ण वाचा, मग दीपालीले वाचून दाखवा. तुम्ही बाजार चौकात माझा अन मंत्रीसाहेबांचा फ्लेक्स लावला, 'जावईबापूंचे हार्दिक अभिनंदन' (त्यात तुमचा फोटो आमच्या दोघांपेक्षा मोठा आहे, त्याचं मले काही नाई). तुम्ही हार घेऊन दोन दिवस बसस्टँडवर उभे राह्यले अन मी उतरलो नाई. चार माणसांत तुमची मान खाली गेली. पण मी कुठी पळालो नव्हतो, भाऊ. मी इथीच होतो.

झालं असं. डिसेंबरच्या शेवटी वरून निरोप आला की मंत्रीसाहेब जवानांसोबत संक्रांत साजरी कराले कोसमटोल्याले येऊन राह्यले. त्या दिवसापासून आमचं जंगलाकडं पाहणं कमी झालं अन चुन्याकडं पाहणं वाढलं. दगडं पांढरी केली, झाडं कमरेपर्यंत पांढरी केली, हुकूम असता तं गावातल्या बकऱ्याही केल्या असत्या. व्हॉलीबॉलची जाळी बांधली (बॉल मंत्रीसाहेबांच्या माणसांच्या गाड्यांसोबत आला अन त्याईच्याच सोबत गेला). एक मोठा फ्रिज आला, त्यात थंड पाण्याच्या बाटल्या रचल्या अन हात लावायचा नाई म्हणून पहारा बसवला. संक्रांतीच्या संध्याकाळी तो फ्रिज ज्या गाडीनं आला त्याच गाडीनं बाटल्यांसकट परत गेला. आमी हात हलवून निरोप दिला.

आमच्यात सुकलू मडावी म्हणून हवालदार आहे. अठरा वर्षं याच जंगलात, दोनदा गोळीबारातून वाचलेला, हिवतापानं गालफडं बसलेली. मंत्रीसाहेबांच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा प्रफुल म्हणून एक नागपूरचा माणूस दोन दिवस आधी येऊन बसला होता (पायात पांढरे बूट, या मातीत!). त्यानं सुकलूले पाह्यलं अन आमच्या साहेबांच्या कानाशी लागला, "सर, हे जरा थकेले वाटते, कॅमेऱ्यात बराबर नाई दिसणार." मग सुकलूची ड्युटी लागली दूर नाल्यावर, अन त्याच्या जागी मुख्यालयातून सहा उंच गोरी पोरं आणली. त्यातल्या एकानं मले विचारलं, संडास कुठी आहे. अर्ध्या घंट्यानं तोच पहिल्या रांगेत बसून कॅमेऱ्याले सांगून राह्यला की हे जंगल आता आमाले घरासारखं वाटते. सुकलू नाल्याकडं जाताना म्हणे, "लटारू, मी तं खराच जवान आहो ना बे? मग मलेच काऊन लपवून राह्यले?"

मग प्रफुलनं उरलेल्या सगळ्याईले उभं केलं अन विचारलं, कोणाच्या घरी लहान बाळ आहे, जे त्यानं अजून पाह्यलं नाई? मी हात वर केला. तुमाले ठाऊक आहे, पोरगी पाच महिन्यांची झाली. मी तीनदा अर्ज दिला, तिन्ही वेळा 'मनुष्यबळ अपुरे' लिहून परत आला. हे ऐकून प्रफुलनं मले मिठीच मारली. म्हणे, "दादा, तुमची स्टोरी एक नंबर आहे!" माझं दुःख कोणाले इतकं आवडलेलं मी पहिल्यांदा पाह्यलं. त्यानं मले वाक्य पाठ कराले दिलं, 'साहेब, आधी देश, मग घर.' त्याच्यावर मंत्रीसाहेब म्हणणार होते, 'जा, दहा दिवस लेकीजवळ राहून ये.'

संक्रांतीले मंत्रीसाहेब हेलिकॉप्टरातून उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन विचारलं, "काय जवान, घरची आठवण येते का?" भाऊ, मी पाठ केलेलं सारं विसरलो. तोंडातून निघालं, "येते ना जी. पोरगी पाच महिन्यांची झाली, मी तिले पाह्यलंच नाई. मले सुट्टी द्या ना साहेब." प्रफुल धावत आला अन म्हणे, पुन्हा घेऊ. दुसऱ्यांदा मले रडू आलं, तं म्हणे थोडं लवकर झालं. तिसऱ्यांदा मंत्रीसाहेब पंधरा दिवस म्हणाले, ते कापलं. चौथ्यांदा जमलं, तेच रात्री टीव्हीवर दाखवलं. दर खेपेला त्याईनं मले आपल्या हातानं तिळाचा लाडू भरवला, वरून फोटोवाल्यांसाठी तीन वेगळे. सात लाडू खाल्ले मी, तेही उपाशीपोटी, कारण जेवणाची ताटं शूटिंगसाठी झाकून ठेवली होती.

पण सगळंच नाटक होतं म्हणाले माझी जीभ वळत नाई. कॅमेरा बंद झाल्यावर मंत्रीसाहेब खुर्चीत टेकले, बूट काढला, पाय चोळला अन हळूच विचारलं, "खरंच पाहिली नाहीस का रे पोरगी?" मी म्हटलं, नाई जी. ते म्हणाले, "माझी लहान होती तेव्हा मी सदा प्रचारात. मला काका म्हणायची ती." डोळे भरले त्याईचे. तेव्हा कोणी शूटिंग करून नव्हतं राह्यलं, भाऊ. मग कोणीतरी घड्याळ दाखवलं अन ते उठून गेले. तेच मले जास्त लागलं. माणूस साफ खोटा असता तं मी बॅग भरलीच नसती.

बॅग मात्र भरली. हेलिकॉप्टरची धूळ खाली बसायच्या आधी मी साहेबांसमोर हजर. आमचे साहेब म्हणजे सांगलीकडचे तरुण फौजदार, मनाचे चांगले आहेत. म्हणाले, "कुठं निघालास?" मी म्हटलं, "सुट्टीवर." म्हणाले, "अरे, ती घोषणा होती. अर्ज कुठाय?" मी चौथा अर्ज लिहिला. चार दिवसांनी वरून उत्तर आलं. मंत्री महोदयांच्या घोषणेची पूर्तता झाल्याचा अहवाल त्याच दिवशी पाठवला असल्याने सदर जवानास सुट्टी देण्यात आलेली आहे. दिलेली सुट्टी पुन्हा देता येत नाही. साहेबांनी मले ते दोनदा वाचून दाखवलं. मी विचारलं, "साहेब, मग मी आता कुठी आहो?" ते म्हणाले, "कागदावर आरमोरीत." अन वरून म्हणाले, "रायफल घे आणि बुरुजावर जा बाबा. माणूस कमी आहे, तू सुट्टीवर आहेस ना."

असे मी माझ्या सुट्टीचे दहाही दिवस माझ्याच बदल्यात उभा राह्यलो. सातव्या दिवशी टेकडीवर चढून (फोन तिथीच लागते) दीपालीले फोन केला. ती म्हणे, "कुठी आहात?" मी म्हटलं, पोस्टवर. म्हणे, "खोटं नका बोलू. तुमच्यासाठी बारसं थांबवलं, मंडप टाकला, मायनं सारी आळी जेवाले बोलावली. शेवटी तुमच्याशिवाय पाळणा हलवला." मी शपथ घेऊन सांगतलं की सुट्टी भेटलीच नाई. तिनं एकच विचारलं, "मंत्री टीव्हीवर खोटं बोलन काऊन?" अन फोन ठेवला. आता सुनिलकडून ऐकतो की शेजारच्या सोमारीकाकूनं बल्लारपूरले माझं दुसरं बिऱ्हाडही मांडून दिलं. भाऊ, बल्लारपूर मी फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाह्यलं आहे.

सोबत सुकलूचा जबाब जोडला आहे, की लटारू दहाही दिवस बुरुजावर होता अन त्यानं स्वतः त्याले रोज चहा नेऊन दिला. खाली त्याची सही आहे. हा जबाब कॅमेऱ्यात दिसाले बरा नाई, पण खरा आहे.

मोठ्याईच्या पायाले हात लावतो, लहानाईले आशीर्वाद.

कागदोपत्री तुमच्याच गावात असलेला,
लटारू

ता. क. चौकातला फ्लेक्स उतरवा म्हणून लिहिणार होतो. आता राहू द्या. कारण खाली आहे.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालून राह्यलो होतो तं प्रफुलचा निरोप आला, म्हणून टेकडीवर जाऊन त्याले फोन लावला. त्याईले आता पुढचा भाग पाहिजे, 'लेकीला भेटून परतलेला जवान', अन त्यासाठी लेकीसोबतचा व्हिडीओ. मी खरं सांगतलं की मी गेलोच नाई. तो म्हणे, "टेन्शन नाई दादा, वहिनी अन बाळाले गाडीनं पोस्टवर आणतो, मागं पडदा लावून तुमचं घर दाखवू. अर्ध्या घंट्याचं काम." एवढं सगळं वर लिहून बसलो, लाज वाटते, पण मी हो म्हटलं. शुक्रवारी सकाळी सातले गाडी तुमच्या दारात येईन. दीपालीच्या पाया पडा, पण तिले गाडीत बसवा. पिवळी साडी नेसाले सांगतलं आहे. मी माझं वाक्य दहा वेळा चुकवीन, म्हणजे अर्ध्या घंट्याचे दोन घंटे होतीन.

ता. क. तिसरा. प्रफुलले पडद्यावर लिहाले पोरीचं नाव पाहिजे. मी त्याले म्हटलं, उद्या सांगतो. भाऊ, बारशाले काय नाव ठेवलं? दीपालीनं फोन ठेवला, विचाराचं राहून गेलं. सुनिल दारात थांबते, त्याच्याजवळ एका चिठ्ठीवर लिहून द्या. अक्षर मोठं काढा.