कानाला लावलेला कान

प्रिय आबा,

आज तुमच्याविषयी एका फॉर्मवर खोटं लिहिलं. तासाभरात खोडलंही. पण चैन पडत नाही, म्हणून हे पत्र. एका जागी बसून लिहितेय असंही नाही. चार ओळी झाल्या की उठते, खिडकी उघडते, लावते, परत येते.

माझ्या कानात आवाज येतो, आबा. दोन वर्षं झाली. बारीक, उंच, न थांबणारा. डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. सवय? पंचवीस वर्षं कॉलेजात कविता शिकवली. आता पुस्तक उघडलं की ओळीच्या आधी तो ऐकू येतो.

परळला यावर संशोधन चाललंय. बाहेर आवाज नसताना मेंदू तो का ऐकतो, हे त्यांना शोधायचंय. त्यासाठी माझ्यासारखी माणसं हवी होती. मी नाव दिलं. "यातून तुम्ही बऱ्या व्हाल असं नाही हं," तिथली मुलगी आधीच म्हणाली. म्हटलं, चालेल. निदान कुणीतरी विचारतंय.

फॉर्मवर प्रश्न होता : घरात आणखी कुणाला हा त्रास होता का? मी 'नाही' लिहिलं. विचारही केला नाही.

घरात त्याला त्रास म्हणतच कोण होतं! गिरणी बंद पडली, लालबागच्या खोलीत तुम्ही दिवसभर बसायला लागलात, आणि गिरणीतले माग अजून चालूच असल्यासारखे म्हणायला लागलात, "कानात साचे चालू हत." आई चपात्या लाटता लाटता, पाठ न वळवता म्हणायची, "तुमका सगळा ऐकाक येता. कामाचा काय ता तेवढा येना नाय!" आम्ही हसायचो. तुम्हीही हसायचात. पाठमोऱ्या आईचे ओठ तुम्हाला दिसत नव्हते. आम्ही हसलो म्हणून तुम्ही हसत होतात. हे मला कधी कळलं? तुम्ही गेल्यावर.

एका दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. मी बारा वर्षांची. "चेडवा, हय कान लाव. बघ, येता ऐकाक?" तुमच्या कानाला मी कान लावला. दाढीचे खुंट गालाला टोचले. "कायच नाय, आबा," म्हटलं आणि खेळायला पळाले.

परत कधी विचारलं नाहीत. का नाही विचारलंत? आणखी एकदा विचारायचं की!

आज मला एका आवाजबंद खोलीत बसवलं. डोक्यावर तारांची टोपी. हलायचं नाही, अशी सक्त ताकीद. मी आणि न हलणं! काचेपलीकडे ती मुलगी सोबत्याला काहीतरी म्हणाली. माईक बंद होता. मी म्हटलं, "घ्या परत. आता नाही हलणार."

ती दार उघडून आत आली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही. दिसलं. 'बाई नुसत्या वळवळतायत, परत घ्यावं लागणार.' असंच ना?"

"सॉरी मॅडम!" ती लाजली. "ओठ वाचता तुम्ही? कुठे शिकलात?"

"वडिलांकडून. गिरणीत विणकर होते, साचेखात्यात. मागाला ते साचा म्हणायचे. तिथे शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही. सगळे ओठांनी आणि हातांनी बोलायचे."

"किती वर्षं होते तिथे?"

"तीस."

तिने हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. "आणि त्यांच्या कानात आवाज नव्हता?"

काय सांगू, आबा? जेवताना आईला कळू न देता तुमच्याशी ओठांनी बोलायची, तिच्या आमटीची टिंगल करायची. तेवढं तुमचं घेतलं. त्याच गिरणीने तुमच्या कानात जे ठेवलं, ते मात्र सोंग ठरवलं.

फॉर्म परत मागितला. 'नाही' खोडून 'वडील' लिहिलं. पुढची ओळ होती : आवाज कसा होता? पेन थांबलं. सगळे साचे चालू असायचे की एकच? दोन्ही कानांत? कधी थांबायचे का? रागाने वाढायचे? शेवटी लिहिलं : 'साचे चालू आहेत, एवढंच सांगायचे. बाकी माहीत नाही. आम्ही विचारलं नाही.'

मुलीने वाचलं. फॉर्म फाईलला लावला.

मग तिने माझ्या कानातला आवाज शोधला. हेडफोनमधून एकेक स्वर वाजवायची. "हा?" "जरा वर." "हा?" "थोडा खाली." सापडला. मी हेडफोन काढून तिच्यापुढे धरला. "तुम्हीही ऐका."

तिने कानाला लावला. चेहरा आवळला. "हा? सतत?"

"सतत."

एवढंच झालं. कुणीतरी दुसऱ्याने तो ऐकला. तुमच्या वाट्याला एवढंही आलं नाही, आबा. तेव्हापासून मी घरात फेऱ्या मारतेय.

गुरुवारी मेंदूचे फोटो काढणाऱ्या यंत्रात झोपायचंय. पाऊण तास. फार खडखडाट करतं म्हणे. सहन झालं नाही तर बटण दाबा, म्हणाली. दाबणार नाही. तसल्या खडखडाटात तुम्ही तीस वर्षं उभे होतात. मी पाऊण तास हलणार नाही, शब्द देते.

आणि यापुढे कुणी म्हणालं, इथे कान लाव, तर लावीन. काहीच ऐकू आलं नाही, तरी काढणार नाही.

तुमचं चेडू,
सुमन