मेपलला घातलेलं ताक

ॲन आर्बर, १२ ऑगस्ट २००४

प्रिय मनोहरपंत,

सप्रेम नमस्कार. चैत्राली बरी आहे. सातवा लागला, डॉक्टर समाधानी आहेत. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता, की माझ्या गैरहजेरीचा उत्सव चाललाय?

एक अपराध कबूल करते. गेल्या वर्षी ते बाळ गेलं, तेव्हा लेकीनं अंगणात जपानी मेपल लावला. कातरल्यासारखी नाजूक, लाल पानं. मी त्याला रक्तपर्ण म्हणते. गेल्या महिन्यात पानांच्या कडा करपायला लागल्या, म्हणून मी आपण घरी कढीपत्त्याच्या झाडाला करतो तोच उपाय केला. रोज आंबट ताक घातलं. तो आणखीच काळवंडला. चैत्राली खिडकीतून बघत म्हणाली, “आई, हेही जाणार बघ.” ती झाडाबद्दल बोलत नव्हती, हो.

काल जावईबापूंनी नर्सरीतल्या माणसाला बोलावलं. त्यानं वाकून मातीचा वास घेतला आणि चमकून माझ्याकडे पाहिलं. “बटरमिल्क,” मी म्हणाले. चैत्राली पोट धरून हसली.

त्यानं फांदी नखानं जरा खरवडून तिला दाखवली. आत हिरवीगार! म्हणाला, दुपारचं ऊन सोसत नाही, आडोसा करा आणि नुसतं पाणी घाला, तेही माती सुकल्यावर.

इतके दिवस नावाचा विषय काढला, की ती उठून जायची. आज जेवताना स्वतःच म्हणाली, “बाबांना नावं सुचवायला सांग ना.”

तेव्हा लगेच पाठवा, मुलाची आणि मुलीचीही. जोडाक्षरं कमी ठेवा, इथल्या नर्सला हाक मारायचीय.

लोभ आहेच, तो फोनवरही दिसू द्या.

तुमची,
आसावरी