जरा जपून

अणदूर
११ एप्रिल २०२५

चि. हर्षालीबाईस,

मामाचा आशीर्वाद पोचावा. आम्ही दोघं बरे आहोत. तू आणि तुझ्या ईटच्या वसतिगृहातल्या बावीस पोरी ठीक असाल असं धरून चालतो.

तू म्हणशील, खिशात फोन असताना हा म्हातारा पत्र काय लिहितोय! बाई, तीस वर्षं पोस्टात काढली. फोनवर तू मधेच काहीतरी विचारतेस आणि माझी गाडी घसरते. कागद मधे बोलत नाही.

ऊन लई पेटलंय. तुझ्या मामीचा गुडघा पुन्हा धरलाय. खंडोबाच्या देवळापर्यंत चालणं बंद. ओट्यावरूनच हात जोडते आणि म्हणते, "आता तुमीच या हिकडं." शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्या, बोकड एकही नाही.

पाडव्याला तू आलीस, पण पुरणाची पोळी अर्धीच खाल्लीस. मामीनं दोनदा विचारलं, गोड कमी झालं का. मग तू माझ्याकडं वळलीस. "मामा, सहा संस्थांनी एका महिन्यात मदतीचा हात काढून घेतला. सहाही पत्रांत एकच वाक्य, 'सध्या आमचा भर इतर विषयांवर आहे.' तुम्ही त्यांच्या मंडळात बसता. कुणी काय बोललं का?"

मी म्हणालो, "न्हाय गं. कोण बोलंल?"

तू म्हणालीस, "मग बरं." तेव्हापासून मला जेवण जात नाही. का ते विचारू नकोस, उन्हाळाच वाईट आहे.

तू आमच्या दाते मंडळाला उगीच मोठं समजतेस. धाराशिव, लातूर, सोलापूर भागातले अकरा लहान न्यास, एवढंच ते. कुणाचा बापाच्या नावानं, कुणाचा आईच्या. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्यातरी गावी जमायचं. कुणाला पाण्याच्या कामाची आवड, कुणाला म्हाताऱ्या माणसांची, आम्हा सातजणांना पोरींच्या शिक्षणाची. कुणी कुणाचा निर्णय घेत नाही, फक्त एकमेकांच्या कानावर घालतो. आमचे अध्यक्ष कल्याणप्पा दर बैठकीत बजावतात, "हितं ठराव न्हाय, फकस्त वळख."

तुझ्या आजीच्या नावाच्या आपल्या लक्ष्मीबाई न्यासानंही यंदा तुझी मदत थांबवायचं ठरवलं, त्याचा या सहाजणांशी काही संबंध नाही. ती विश्वस्तांची गोष्ट आहे.

वीस तारखेला येडशीला बैठक आहे. तुझा विषय निघाला तर बघतो. निघेलच असं नाही.

तुझा मामा,
बलभीम


अणदूर
१८ एप्रिल २०२५

हर्षाली,

मागचं पत्र फाडून चुलीत घाल. अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. परवा बैठक आहे. तिथं उभं राहायच्या आधी तुला सांगितलं पाहिजे. नाहीतर मी तिथं उभाच राहणार नाही, मी मला ओळखून आहे.

ते मी बोललो. मीच.

नोव्हेंबरात भूमला एका लग्नाला आलो होतो. परतताना वाट वाकडी करून ईटला उतरलो. न कळवता आलो, कारण मला बघायचं होतं की मामा येणार म्हटल्यावर जे झाडलेलं-सारवलेलं असतं ते एरवी कसं असतं. दाराला कुलूप. भर शाळेचे दिवस. समोरच्या चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "दोन दिस झालं, कुलूपच हाय. पोरी गेल्यात कुठंशी." मी चहासुद्धा घेतला नाही. तुला एक फोन करायचा होता, केला नाही.

का केला नाही? आता खरं लिहायला बसलोय तर तेही लिहितो. तुझ्या आजीच्या नावाची पाटी मी करून घेतली होती. काळ्या दगडावर अक्षरं कोरून, स्वतः टेम्पोतून ईटला आणली होती. तू म्हणालीस, "मामा, पोरी इथं राहतात. हे त्यांचं घर. घरावर दुसऱ्याचं नाव कशाला?" पाटी तशीच परत आणली. गावानं विचारलं, काय झालं? काय सांगायचं, भाचीनं परत धाडली? ती गोष्ट मी गिळली नव्हती. कुलूप बघितलं तेव्हा मला, कसं सांगू, बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं.

पुढच्याच रविवारी मंडळ आपल्या घरी होतं. जेवणं झाली, सुपारी कातरणं चाललं होतं. अमरसिंह, तो औशाकडचा, ज्याच्या आजोबांच्या नावानं न्यास आहे, त्यानं सहज विचारलं, "ईटचं काम कसं चाललंय? तुमची भाचीच ना तिथं?" मी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणालो, "जरा जपून."

एवढंच. दोन शब्द. कुणी पुढं विचारलं नाही, मीही बोललो नाही. मान तेवढी हलवली. माणसं समजली. सख्खा मामा म्हणतोय म्हटल्यावर कोण कशाला विचारील?

त्यानंतर आठ दिवसांत तुझा फोन आला होता, आठवतो का? तू हसत होतीस. म्हणालीस, मेंढरांचे कळप चाऱ्यासाठी खाली निघाले, पोरी आईबापाला वाटं लावायला गेल्या होत्या. मेंढरांबरोबर पहिले दोन मुक्काम चालायचं, तिसऱ्या दिवशी माघारी फिरायचं, ही त्यांची रीतच आहे. मग जूनपर्यंत आईबाप दिसत नाहीत. तूही बरोबर गेलीस. एकीच्या पायात बाभळीचा काटा मोडला, तो काढायला पाऊण तास गेला. मी ऐकत होतो आणि मला ते कुलूप दिसत होतं. तुझ्याशी काय बोललो आठवत नाही. बहुतेक मामीच्या हातात फोन दिला.

मला आठव्या दिवशी कळलं होतं, हर्षाली. सहा पत्रं मार्चमध्ये गेली. मधे तीन महिने होते. अमरसिंहाला एक फोन केला असता तर झालं असतं. दोनदा नंबर लावला आणि कट केला. काय सांगणार? 'मी न बघता बोललो'? तीस वर्षं लोकांची पाकिटं माझ्या हातून गेली, कुणाचं मी कधी उघडलं नाही, म्हणून मंडळात मला मान. बलभीमराव बोलतात ते मोजून, असं म्हणतात. तो मान जाईल, म्हणून गप्प बसलो. सातवं पत्र आपल्या न्यासाचं. ते लिहिलं नसतं तर लोकांनी विचारलं असतं, की जपून म्हणणाराच देतोय कसा. 'विश्वस्त' लिहिलं होतं ना मागच्या पत्रात? विश्वस्त म्हणजे मी आणि तुझी मामी, आणि तिला मी काही सांगितलेलंच नाही.

पाडव्याला तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तू मला संधी देतेस. चोराच्या मनात चांदणं. तू नुसतंच विचारत होतीस. आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो, तुझ्या पानात पोळी वाढत.

जूनमध्ये दार उघडलं नाही तर काय होईल, ते तू त्या दिवशी बोलली नाहीस. मला कळतं. मेंढरामागं जातील. थोरल्या तीन-चार जणींची लग्नं उरकून टाकतील, चौदाव्या-पंधराव्या वर्षी. हे माझ्या सुपारीच्या खांडाएवढ्या बोलण्यावर.

परवा मी उभा राहून सांगणार. भीती वाटतेय. माणसं माझ्याकडं कसं बघतील त्याची वाटतेय, हे खोटं कशाला सांगू! पोरींची काळजी वाटायला हवी आणि मला माझ्या तोंडाची वाटते. असा आहे तुझा मामा. उद्या सकाळी स्पीड पोस्टनं टाकतो, म्हणजे माघार घेता येणार नाही.

बलभीममामा


अणदूर
२१ एप्रिल २०२५

हर्षाली,

तुझा फोन आला नाही. पत्र पोचलं असेल तर कशाला येईल, आणि पोचलं नसेल तर हे आधी वाचू नकोस.

येडशीला स्टेशनजवळच्या सभागृहात बैठक झाली. मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली. म्हणालो, "ईटच्या वसतिगृहाबद्दल 'जरा जपून' असं मी म्हणालो होतो. ते मी न बघता बोललो. पोरी आईबापाला वाटं लावायला गेल्या होत्या. नंतर मला खरं कळलं, तरी मी गप्प राहिलो."

मला वाटलं होतं, लोक थुंकतील. तसं काही झालं नाही. झालं ते मी स्वप्नातही धरलं नव्हतं.

अमरसिंह म्हणाला, "बलभीमराव, तुमी कधी म्हणालात? मला न्हाय आठवत. मला तर तुळजापूरच्या न्यासाकडनं कळलं." तुळजापूरवाले म्हणाले, "आमाला कल्याणप्पांनी सांगितलं." कल्याणप्पा म्हणाले, "मला दोघांनी येगयेगळं सांगितलं. म्हणून तर मी पक्कं धरलं."

कळलं का तुला? माझाच शब्द सहा घरी फिरला आणि साक्षीदार घेऊन परत आला. मी ओरडून सांगत होतो की तो माझा आहे. कुणी तो माझा मानायलाच तयार नाही. मग अमरसिंहानं अगदी गोडीनं विचारलं, "ती तुमची सख्खी भाची ना?" मी म्हणालो, "व्हय." तो म्हणाला, "मग मामाचं काळीज तुटणारच." सगळे समजूतदारपणे हसले. खोटं बोललो तेव्हा एकानं विचारलं नाही, आणि खरं बोललो तर भाचीसाठी बोलतोय! कल्याणप्पा म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. जपून राहिलं तर काय बिघडतं?" आणि पुढचा विषय निघाला, शेततळ्यांचा. मला कुणीतरी चहा आणून दिला. मी तो प्यालो. अशी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, हर्षाली. माझ्याच जिभेनं केलेलं मला माझ्या जिभेनं मोडता येईना.

उठून निघालो तेव्हा सिद्धम्मा मागून आल्या. मुरूमकडच्या, सत्तरीच्या, बैठकीत सहसा बोलत नाहीत. त्या सहा पत्रांतलं एक त्यांचंही. बाहेर पायरीवर मला थांबवून म्हणाल्या, "माझ्या बापाची मेंढरं व्हती. म्याबी जायची वाटं लावाया. कुलूप असनारच की! पोरी काय दाराला राखन बसत्याल?"

मी म्हणालो, "मग आत का नाही बोललात?"

"आत बोलले असते तर आनी एक बोलनं झालं असतं. म्या बघून बोलनार. एक मे तारखेला शाळंचा निकाल असतो, पोरी असत्याल. म्या येते ईटला. बघितल्यावर त्या पाचाच्या दारी म्या जाते, येकेकाच्या." मग माझ्याकडं बोट केलं. "पन तुमी बी चला. आमच्याफुडं बोललात त्याचं काय घिऊन बसलाव? ज्यांच्यावर बोललाव त्यांच्याफुडं बोला."

मी हो म्हणालो. बसमध्ये बसल्यावर कळलं, मी कशाला हो म्हणालो ते. कल्याणप्पा-अमरसिंहापुढं उभं राहणं जड गेलं खरं, पण ते माझ्यासारखेच आहेत. या बावीसजणी माझ्याकडं बघत बसतील आणि मला त्यांना सांगावं लागेल, की तुम्ही आईबापाला निरोप द्यायला गेलात, तेवढ्या वेळात मी तुमच्या घराची नालस्ती केली.

घरी येऊन मामीला सगळं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि आत जाते.

आता मागायला तोंड नाही, तरी एक मागतो. चार वर्षं मी न्यासाच्या अहवालात 'लाभार्थी बावीस' असं लिहितोय. काल वही घेऊन बसलो, एकीचंही नाव मला येत नाही. काटा मोडला तिचंही नाही. पत्त्यांवरची लाखभर नावं वाचलीत मी, आणि ही बावीस कधी विचारली नाहीत. तेवढी नावं मला लिहून पाठव. पाठ करून येतो. माफी मागायची ती नाव घेऊन मागीन.

नाही पाठवलीस तरी मी येणार. मग तिथं एकेकीपुढं उभं राहून विचारावं लागेल, "बाई, तुझं नाव काय?" ती नाव सांगेल, आणि विचारील, "तुमी कोन?"

तिला काय सांगू, तेवढंही लिही.

बलभीम