हयातीत नावावर

बाबा,

गणपतीत तुमच्या थोरल्याच्या दोघा मुलग्यांनी माझ्या घराचं माप घेतलं. मी ओटीवर बसलेलो असताना. दुपारी हिच्या हातचे मोदक खाल्ले, मागून मागून खाल्ले, आणि हात पुसून टेप काढली. धाकटा म्हणतो, "काका, तुमच्यामागे त्या बाईची सोय कुठे करायची, ते आत्ताच ठरवून टाकूया." ही आत भांडी घासत होती. नळ बंद झाला, मग परत सुरू झाला. त्याच्या ओठाला खोबरं चिकटलेलं होतं, तेसुद्धा बघवेना, इतकी किळस आली.

हिच्या नवऱ्याने मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं, पण सोडचिठ्ठी दिली नाही. म्हणून आमचं लग्न झालं नाही. लेकीला घेऊन आली आणि राहिली. त्या घरचं पाणी पिणार नाही, असं तुम्ही वाडीभर सांगत होतात. मग तुम्ही जमीन, घर, आंब्याची कलमं, सगळं हयातीतच थोरल्याच्या नावावर केलंत. पुढच्या पावसाआधी तुमची खाट पडवीत, शेळ्यांच्या बाजूला. मी बघायला येतो तेव्हा पानावर शिळा भात असतो आणि त्यावर माश्या. वहिनी आतून म्हणते, "भावोजी, एवढा पुळका आहे तर न्या की." मी नुसता उभा. हीच पुढे झाली, रिक्षा बोलावली, तुम्हाला उचलून घरी आणलं. शेवटपर्यंत तुमचं हगणंमुतणं हिने काढलं. तुम्ही तिला "बाय गो" म्हणून हाक मारायला लागलात. पण मला जवळ बसवून सांगितलंत, "जिवंत आहेस तोवर कोणाच्या नावावर काय करू नको. कोणाच्याच नाय."

काल रत्नागिरीला वकिलाकडे गेलो. बर्फाच्या कारखान्यात राबून मी बांधलेलं घर, ते कोणालाही देता येतं, नातं लागत नाही. वकील तरुण मुलगी आहे. म्हणाली, "आजोबा, मृत्युपत्र केलंत तर तुमच्यामागे पुतणे आजींना कोर्टात ओढतील. म्हातारा भ्रमिष्ट होता म्हणतील. त्यापेक्षा बक्षीसपत्र करा. घर आत्ताच त्यांचं होईल, आणि कोणी विचारलं तर सांगायला तुम्ही असाल."

मी विचारलं, "आणि तिने मला बाहेर काढलं तर?"

"काढतील असं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

मग काय सांगू तिला, बाबा? डोळ्यासमोर तुमची खाट आणि त्या शेळ्या. जिने तुम्हाला न्हाऊमाखू घातलं, तिच्याबद्दल माझ्या मनात हे येतं. पुतण्यांची घाण वाटत होती, तिथे बसून स्वतःची वाटली. तरी मृत्युपत्रच करा म्हटलं.

घरी आलो. हिने पेज वाढली, विचारलं, "झालं काम?"

"झालं. घर तुला."

ती जेवायची थांबली आणि उठून लेकीला फोन लावला. "घर माझ्या नावावर केलं गो त्यांनी. आता कोण काय करणार नाय." लेकीने काय विचारलं कोण जाणे, ही हसली. किती दिवसांनी हसली.

मी पेज पीत राहिलो. ती चुकीचं सांगतेय, हे कळत होतं. बोललो नाही, बाबा. आजही बोललो नाही.